वारा नव्हताच

"वारा आला रे एकदम," असं मी सांगून टाकलं.

दिवस 1 नोव्हेंबरचा. बेळगाव शहरात एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकीचे डॉल्बी, दुसरीकडं मराठी लोकांच्या काळ्या दिवसाची सायकल फेरी, आणि दिवाळीच्या सुट्टीला पुण्याहून आलेली नऊ वर्षांची नात घरात बसून कंटाळलेली. म्हणून सकाळीच आम्ही यमकनमर्डीच्या रस्त्याला लागलो आणि दहाच्या सुमारास हिडकल धरणाच्या बॅकवॉटरवर बोट पाण्यात ढकलली. सोळा फुटांची फायबरची बोट, मागं चाळीस हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. बोटीत मी, बायको, नात आणि माझा शाळासोबती. डब्यात भडंग, दुसऱ्या डब्यात कुंदा. परत फिरताना काठाजवळच्या बुडालेल्या बाभळींना वळसा घालायचा असतो, तो मी शंभर वेळा घातलेला आहे. उजवीकडं स्टेअरिंग फिरवायला घेतलं, अर्धा फेरा गेलं आणि थांबलं. दोन्ही हातांनी ओढलं. पाय तळाला टेकवून, खांदा लावून ओढलं. हूं की चूं नाही. समोर बाभळीचे शेंडे मोठे व्हायला लागले तसा घाबरून थ्रॉटल मागं घेतला, आणि तीच घोडचूक झाली. आउटबोर्डला वेगळं सुकाणू नसतं, अख्खं इंजिनच वळतं आणि पंखा ज्या दिशेला पाणी फेकतो त्याच्या जोरावर बोट वळते. जोर काढून घेतला की उरलंसुरलं वळणंही संपतं, आणि बोटीला ब्रेक नसतो. आम्ही सावकाश, अगदी वरातीसारखे, बाभळीत शिरलो. फांद्या चरचरल्या, बायकोच्या खांद्याला काटा लागला, नातीच्या गालावर एक लाल रेघ उठली. मित्र म्हणाला, "काय झालं बा? वळवूलास की न्हाई?" आणि मी म्हणालो, वारा आला.

त्यानं पाण्याकडं पाहिलं. बाभळीची पिवळी फुलं तरंगत होती, ती जागची हलत नव्हती. तो काही बोलला नाही. वल्ह्यानं फांदी रेटत बोट बाहेर काढली आणि कुंद्याचा डबा पुढं केला.

ही गोष्ट इथंच संपायला हवी होती. पण त्या रात्री टिळकवाडीतल्या घरी मला झोप लागेना. गालावरची रेघ मला टोचत नव्हती, ती तर हळद लावून विसरली गेली. टोचत होता तो वारा. चौतीस वर्षं मी उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर आणि मग स्वतःच्या छोट्या शॉपमध्ये काढली. दुसऱ्याच्या मशीनचं बेअरिंग बोलायला लागलं की दारातूनच सांगायचो, वरचं गेलंय की खालचं. कास्टिंगवर नख मारून आत ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, असेल असं म्हणायचो आणि दहातनं सातदा असायचं. (उरलेले तीन आम्ही मोजत नसू.) अशा माणसाच्या हातात एक चाक जाम होतं आणि तो वाऱ्याचं नाव सांगतो? यंत्र बिघडलं तर शरम वाटायचं कारण नाही. शरम होती ती दुसरीच, आणि तिच्यापर्यंत पोचायला मला पुढचे चार दिवस लागले.

बोट आमची तिघांत. शेत ज्याचं त्याचा काठ, पैसे तिघांचे, आणि देखभाल माझी, कारण 'तुला मशीनचं कळतंय की'. गोव्याच्या खाडीत आठ वर्षं पर्यटकांना फिरवून थकलेली ही बोट आम्ही ट्रेलरवर घालून चोर्ल्याच्या घाटातून वर आणली, परवान्याच्या कागदांसाठी बरेच महिने हेलपाटे मारले, आणि पहिल्यांदा पाण्यात सोडली तेव्हा गावातल्या बायकांनी तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "ॲव्हरेज किती देती?" मित्रानं तासाला किती लिटर पेट्रोल जातं ते सांगितलं. म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारला आणि म्हशीकडं निघून गेला. माझ्या मते बोटीवरचा तो सगळ्यात शहाणा अभिप्राय होता.

खाडीतून आलेली बोट गोड्या पाण्यात घातली की तिचे हाल संपले असं मी धरून चाललो होतो. मीठ धुऊन जाईल. घटप्रभेचं पाणी ते, चंदगडकडच्या डोंगरात पडलेलं, ताम्रपर्णीला सोबत घेऊन आलेलं. जुलैत आमच्याकडं दोन माणसं भेटली की पावसाची नाही, धरणाची चौकशी करतात. राकसकोप किती भरलं, हिडकल किती भरलं. राकसकोपचं पाणी आपल्या नळाला येतं म्हणून त्याची काळजी, आणि हिडकल 51 टीएमसीचं म्हणून त्याचा अभिमान. पावसाळा सरता धरण तुडुंब असतं, मग ते उतरत जातं. उन्हाळ्यात हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर वर येतं, लोक गाड्या काढून दर्शनाला जातात, भेगाळलेल्या गाळातून चालत. त्याच सुमारास आमची बोट काठावर पत्र्याखाली असते, पाणी परत चढायची वाट बघत. वर्षातले चार-पाच महिने ती उभीच. मी दर दसऱ्याला तिला झेंडू घालायचो, आणि वर्षातून दोनदा ग्रीसगन घेऊन इंजिनला बोटीशी धरणाऱ्या कंसातल्या निपलमध्ये, म्हणजे ग्रीस आत घालायच्या तोटीत, ग्रीस मारायचो. कुणी विचारलं तर सांगायचो, वंगण म्हणजे यंत्राचं अन्न. लहानपणी आजोबांच्या बैलगाडीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं, त्यातल्या काळ्या चिकट्यात बुडवलेली चिंधी आसाला फिरवायचं काम माझं. फिरवलं नाही तर गाडी वेशीपर्यंत बोंबलत जायची. गाडी बोंबलायची, हे मला आता महत्त्वाचं वाटतं. बोट बोंबलत नाही. ती नुसती जड होत जाते.

आणि जड झालेलं मला कळलंच नव्हतं.

हे लिहायला अवघड जातंय. पण नीट आठवलं तर गेल्या दिवाळीतच नातीला मांडीवर घेऊन मी तिच्या हातात स्टेअरिंग दिलं होतं. तिनं दोन्ही हातांनी जोर लावला, गाल फुगवले आणि म्हणाली, "आजोबा, हे केवढं घट्ट आहे." मी हसून म्हणालो, "बोटीचं असंच असतंय गं. पाण्याचा दाब असतो." तोही एक वाराच की. दाब असतो हे खरंच आहे, पंख्याच्या फिरण्यामुळं चाक एका अंगाला ओढतं हेही खरं, त्यासाठी इंजिनखाली एक छोटी पट्टी असते, ती थोडी फिरवून तो ओढा मारता येतो. पण तो ओढा एका बाजूचा. आमचं चाक दोन्हीकडं जड होतं आणि बोट काठाला बांधलेली, इंजिन बंद असतानाही जड होतं. एवढं साधं उदाहरण पोरगीनं मांडून दिलं होतं, मी ते सोडवलं नाही. कारण माझ्या हाताला ते जड लागत नव्हतं. दर रविवारी एक गुंजभर जड झालं तर हातही एक गुंजभर जास्त ओढतो आणि दोघांचा हिशोब बरोबर राहतो. पूर्वी मॅटाडोर चालवणाऱ्यांचे दंड बघा. स्टेअरिंग जड आहे असं ते कधी म्हणायचे नाहीत, नव्या पोराचे हात मऊ आहेत म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच पेटी घेऊन शेतावर गेलो. मित्राला म्हणालो, उगीच बघून येतो. चुकलेल्या माणसाला चूक दुरुस्त करताना साक्षीदार नको असतो. आणि मी कारागिरानं करावी ती सगळ्यात मोठी चूक केली: जिथं दुखतंय तिथंच रोग आहे असं धरलं. हातात चाक जाम होतं म्हणजे चाकामागची गिअरची डबी खराब. ती मला ओळखीची होती, गिअर म्हणजे माझं माहेर. डॅशबोर्ड उघडला, डबी उतरवली, दात तपासले. दात सुंदर होते, कुठं झीज नाही. तरी मी ते धुतले, पुसले, नवीन ग्रीस भरलं, सगळं परत बसवलं. पाठ मोडून आली. चाक फिरवलं. होतं तसंच. मग मी मागं गेलो आणि ग्रीसगननं निपलमध्ये आणखी दहा-बारा दाबे मारले. त्यानंतर चाक एका बाजूला पूर्वीइतकंही जाईना.

तिथं मी बांधावर बसून थोडी भडंग खाल्ली.

मिस्त्री आला तो मित्राच्या ओळखीनं. उसाच्या ट्रॅक्टरची आणि पाण्याच्या मोटारींची कामं करणारा, तिशीतला, कारवारला मासेमारीच्या होड्यांवर सहा वर्षं राहून परतलेला. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरला, स्टेअरिंगला एक हिसका दिला आणि म्हणाला, "भाळ बिगि आगेद्री." नात सोबत होती. तिला वाटलं तो 'बिगीबिगी' म्हणतोय. ती मला हळूच म्हणाली, "आजोबा, एवढ्या लवकर काय झालं?" कन्नडात बिगि म्हणजे घट्ट, आमच्या मराठीत बिगी म्हणजे झटकन. एकच शब्द धरणाच्या दोन काठांना दोन अर्थ घेऊन उभा. मी तिला सांगितलं आणि मग माझ्याच मनात आलं, की त्या बोटीला कन्नडातलाच अर्थ लागू पडतो, बाभळीत आम्ही झटकन कुठं, वरातीसारखे गेलो होतो.

त्यानं डॅशबोर्डला हातच लावला नाही. आधी मागं गेला. चाकापासून एक जाड केबल बोटीच्या कडेनं मागं येते, तिच्या टोकाला स्टीलचा चकचकीत रॉड, तो रॉड इंजिनच्या कंसातल्या आडव्या नळीतून आरपार जातो, आणि नळीबाहेर आलेल्या टोकाला एक वाकडा दांडा इंजिनच्या मानेला जोडलेला असतो. चाक फिरवलं की रॉड नळीत पुढंमागं सरकतो, दांडा इंजिनला ढकलतो. मिस्त्रीनं तो दांडा जोडणारा एकच बोल्ट काढला. दांडा बाजूला केला आणि एका बोटानं इंजिन डावीकडं ढकललं. गेलं. उजवीकडं. गेलं. चाळीस हॉर्सपॉवरचं धूड पाळण्यासारखं हललं. म्हणजे इंजिनचा खुंटा मोकळा. मग मला म्हणाला, "आता तिरगस्री." फिरवलं. इंजिन जोडलेलंच नाही तरी चाक दगडासारखं. म्हणजे रोग केबलीत, नळीत किंवा डबीत. मग त्यानं नळीच्या तोंडाचा मोठा नट सोडवला.

दोन मिनिटं झाली होती. एक बोल्ट आणि एक नट. मी दोन दिवस डबीशी झुंजलो होतो.

मला जे कुणी शिकवलं त्यांनी हेच शिकवलं होतं, जोडलेली यंत्रं आधी सोडव, मग दोघांना वेगवेगळं विचार. मोटार आणि गिअरबॉक्स आवाज करतायत तर आधी पट्टा काढ. नवीन पोरांना मी हे ओरडून सांगायचो. पण शॉप मुलाकडं गेल्यापासून, तिथं संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रं आल्यापासून, माझ्याकडं कुणी काही दुरुस्तीला आणत नाही. पाच-सहा वर्षं झाली. विद्या नळीतल्या रॉडसारखीच असते बहुतेक, सरकत राहिली नाही तर जागच्या जागी बसते. असं मी मिस्त्रीला म्हणालो नाही. त्याला म्हणालो, "मला वाटलंच होतं."

रॉड नळीतून निघेना. डिझेलमध्ये थोडं ऑइल घालून दोन्ही तोंडांतून सोडलं आणि रात्रभर ठेवलं. मी म्हणालो, गॅसबत्तीनं नळी तापवूया, आमच्याकडं जाम बुश असंच काढतात. तो मागच्या पेट्रोलच्या टाकीकडं बघून नुसता हसला. सकाळी मित्र चाकावर, मिस्त्री पाण्यात उभा, रॉडच्या टोकावर लाकडी ठोकळा धरून हलक्या हातानं ठोकत. जोरात नाही, नाहीतर टोकाचे आटे खराब होतील, रॉडचं तोंड फुलेल. ठक, ठक, आणि 'अरा अरा' करत मित्र चाक फिरवतोय. दुपारी बाराच्या सुमारास एक सुस्कारा सोडल्यासारखा आवाज झाला आणि रॉड बोटभर सरकला. त्याच्या मागून नळीतून जे बाहेर आलं ते मी कधी विसरणार नाही. वरचं माझं ताजं ग्रीस, लालसर, मऊ. त्याच्या खाली गेल्या वर्षीचं, मेणासारखं. त्याच्या खाली आणखी जुनं, तपकिरी, गंज आणि वाळू मिसळलेलं, धुण्याच्या साबणाच्या वडीइतकं टणक. आणि अगदी तळाशी पांढुरकी कडक पापडी, गोव्याची. खाडीचं मीठ चोर्ला चढून आलं होतं आणि माझ्या ग्रीसच्या पांघरुणाखाली सुखानं झोपलं होतं. नळीत नाक नेलं तर जुन्या होडीचा, सुक्या बांगड्याचा वास.

रॉड पूर्ण बाहेर आल्यावर मिस्त्रीनं चाक फिरवलं. एका बोटानं फिरलं. केबल चांगली, डबी चांगली. केबल आतून गंजली असती तर उपाय नव्हता, तिच्या आवरणात ग्रीस घालता येत नाही, मापाची नवीनच आणावी लागते. नळीनं आम्हाला स्वस्तात सोडलं. "ग्रीस कोण मारायचं?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. "कसं?" म्हणजे कसं म्हणजे? बोटीचं इंजिन एका अंगाला वळवायचो, म्हणजे रॉड लांब बाहेर येतो, चकचकीत दिसतो, मग निपलमध्ये भरपूर मारायचं, बाहेर ओघळेपर्यंत. त्यानं डोक्याला हात लावला नाही, एवढा तो सभ्य. पण इंजिनसोबत आलेली पुस्तिका मित्राच्या कपाटात होती, ती मी त्याच संध्याकाळी पहिल्यांदा उघडली. तिथं इशारा ठळक छापला होता: ग्रीस मारताना रॉड पूर्ण आत ओढलेला असला पाहिजे. रॉड बाहेर असताना मारलं तर नळीतली मोकळी जागा ग्रीसनं भरते, मग रॉडला आत यायला वाटच राहत नाही, ग्रीस दाबलं जात नाही आणि स्टेअरिंग कुलूप लावल्यासारखं अडकतं. चार वर्षं, वर्षातून दोनदा, मी अत्यंत प्रेमानं ते कुलूप भरत होतो. वर उन्हाळाभर बोट उभी करताना इंजिन एका बाजूला वळवून ठेवायचो, जागा कमी लागावी म्हणून. म्हणजे रॉड बाहेर, उघडा, धूळ आणि दव खात. दुर्लक्षानं यंत्रं मरतात हे मी हजारदा बघितलं होतं. काळजीनं मरताना हे पहिलंच.

साफसफाईत मात्र माझी थोडी अब्रू परत आली. मिस्त्री चिंधी बांधलेली तार घालत होता, ती मधेच अडायची. मी पेटीतून एक सळई काढली, टोकाला करवतीनं उभी चीर पाडली, चिरेत पॉलिश पेपरची पट्टी अडकवून गुंडाळली आणि ड्रिल मशीनला लावून नळीत फिरवली. बोअर आतून साफ करायची लेथवाल्याची जुनी युक्ती. त्यानं ती दोनदा बघितली, तिसऱ्यांदा स्वतः केली. मग डिझेल, मग कापड, कापड पांढरं निघेपर्यंत. नळीतून आभाळ दिसायला लागलं तेव्हा नातीनं डोळा लावून पाहिलं आणि पलीकडच्या बाजूनं मित्रानं डोळा लावला, मग दोघांचं हसणं बराच वेळ. रॉडला पाण्यात न सुटणाऱ्या ग्रीसचा हात दिला, हातानंच आतबाहेर करून बसवला. दांड्याचा बोल्ट लावताना मी पेटीतला साधा नट पुढं केला, तर त्यानं खिशातून नवा नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला नट, काढला. जुना नायलॉकसुद्धा परत लावायचा नाही म्हणाला. पाण्यात मधोमध हा एक नट सुटला तर इंजिन मोकळं, आणि मग नुसती बाभळच भेटेल असं नाही. शेवटी रॉड पूर्ण आत घेऊन त्यानं ग्रीसगन माझ्या हातात दिली. "दोनच. साक्री." दोन दाबे मारून मी गन खाली ठेवली. तिसरा मारायला हात शिवशिवत होता.

सगळा वेळ मी त्याच्याशी कन्नडात बोलत होतो आणि तो माझ्याशी मराठीत. आमच्याकडं हे असंच चालतं, सौजन्य म्हणून ज्यानं त्यानं दुसऱ्याची चप्पल घालायची आणि दोघांनीही लंगडायचं. माझं कन्नड शॉपमधलं. आकडे, मापं, पगार, सुट्टी, शिव्या. त्या काळी निम्मे कामगार गोकाक, बैलहोंगलकडचे, दिवसभर कानावर पडायचं, तोंडातून निघायचं, अडायचं नाही. आता पाच-सहा वर्षांत बँकेतल्या खिडकीशिवाय कुठं बोललो नाही, आणि त्या दिवशी 'पुस्तिकेत असं लिहिलंय' एवढं सांगताना माझी जीभ नळीतल्या रॉडसारखी अर्ध्यात थांबली. मी ओढली, ती येईना. हळूच मराठीवर आलो. यावर शहरात लोक सभा घेतात, मोर्चे काढतात, मीही तरुणपणी त्यांतल्या काहींत चाललोय आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण पाण्यात उभ्या राहिलेल्या त्या पोरापुढं शब्द अडला तेव्हा वाईट वाटलं, ते कुठल्याच बाजूचं नव्हतं. एक चांगलं हत्यार पेटीतून गंजून गेल्याचं ते वाईट वाटणं होतं. त्यानं ते पाहिलं की नाही ठाऊक नाही. चाक फिरवत तो म्हणाला, "हगूर आत नोड्री," आणि नात अशी काही फुटली की तिला उचकी लागली. हगूर म्हणजे हलकं गं बाई, हलकं झालं म्हणतोय तो. तो बिचारा गोंधळून आमच्याकडं बघत होता. शेवटी मित्रानं त्याला कानात मराठी अर्थ सांगितला, मग तोही काठावर बसून हसला. सहाशे रुपये आणि दोनदा चहा घेऊन तो गेला.

पाचव्या दिवशी आम्ही परत पाण्यात. तेच चौघं, तीच भडंग. बाभळीजवळून जाताना सगळे गप्प झाले. मी बायकोला म्हणालो, "त्या दिवशी वारा नव्हता." ती पाण्याकडं बघत होती. म्हणाली, "ठाऊक आहे. वारा असता तर पदर सावरला असता की मी." मित्र मोठ्यानं खोकला. मी पुढं बघत राहिलो.

वळसा आला. मी चाकाला हात घातला आणि गेल्या वर्षभराच्या सवयीनं खांद्यातून ओढलं. बोट अशी गर्रकन फिरली की एका अंगाचं पाणी बोटीत आलं, भडंगचा डबा घरंगळला, बायकोनं नातीला धरलं आणि मित्रानं डब्याला. सरळ करायला उलटं ओढलं, तर तिकडं तेवढीच. दंड ऐकायलाच तयार नव्हते. चाक हलकं झालं होतं, पण ही बातमी हातापर्यंत अजून पोचली नव्हती. नात उठून माझ्या मांडीवर येऊन बसली, माझे दोन्ही हात तिनं बाजूला केले आणि चाक धरलं.

"आजोबा, तुम्ही नका ना ओढू," ती म्हणाली. "नुसतं ठेवा."